खिशात तूर ठेवणारे डॉक्टर

तुम्ही काहीही वाचत असा. वर्तमानपत्र, लग्नाची पत्रिका, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर. वाचता वाचता एखाद्या शब्दापाशी जीभ अडली की मागून एक हात यायचा आणि त्या शब्दावर तुरीचा एक दाणा ठेवून जायचा. वाण्याने तराजूत वजन टाकावं तसा, मुकाट्याने. तुम्ही दचकून मागे वळलात तर तिथे मळक्या कोटातला, मोठ्या कानांचा एक उंच माणूस उभा असायचा. तो म्हणायचा, "थांबू नका, चालू द्या. दोष तुमचा नाही, लिवणाऱ्याचा आहे."

हे आमचे डॉक्टर भिकाजीराव. मुक्काम साखरखेर्डा, जिल्हा बुलढाणा.

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. आजवर कोणाची स्तुती करायला मी लेखणी उचललेली नाही. ज्यांच्याविरुद्ध उचलली ते पुष्कळ आहेत: भोंदू बाबा, साठेबाज दुकानदार, वेळेवर न येणारी मोटार आणि वेळेवर न उघडणारा दवाखाना. पत्रकाच्या शेवटी 'धिक्कार असो!' लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नसे. आज मी आभार मानायला बसलो आहे, आणि ते कसे मानतात हे मला नीट येत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

डॉक्टर म्हटल्यावर गावाने आधी त्यांच्याकडे ताप नेला, मग खोकला, मग एक म्हैस. कंटाळून त्यांनी दारावर फळी लावली: 'मी औषधाचा डॉक्टर नाही.' दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा आला. त्याने फळी वाचली, मान डोलावली आणि बाही वर करून म्हणाला, "औषधाचे नसान, तर सुईचे असान." भिकाजीरावांनी त्याला आत बसवून पाणी दिलं, फळी उतरवली, तिच्यावर स्वतःच तुरीचा दाणा ठेवला आणि नवी फळी रंगवली: 'इथे ताप उतरत नाही.' त्यानंतर कोणी आलं नाही. म्हैससुद्धा नाही.

मग ते डॉक्टर कशाचे? संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांचे. वस्तूच्या खाली किंवा बाजूला एक कागद असतो, त्यावर वस्तूचं नाव आणि थोडी माहिती असते. त्या कागदाचे हे डॉक्टर. घरची भाजीपाल्याची शेती भावावर सोपवून हे मुंबईला गेले आणि तिथल्या संग्रहालयांत वर्षानुवर्षं उभे राहिले. कपाटांपुढे नाही, माणसांच्या मागे. चिठ्ठी वाचण्याआधी माणूस काय बोलतो आणि वाचल्यावर काय बोलतो, एवढंच त्यांनी ऐकलं. त्यांचा सिद्धांत असा की वाचण्याआधी माणूस म्हणतो, "अरे बाप रे, केवढं हे हाड!" आणि वाचल्यावर गप्प होऊन पुढच्या कपाटाकडे जातो. ज्या चिठ्ठीने बोलता माणूस गप्प होतो ती चिठ्ठी नापास. जी वाचून तो बायकोला हाक मारतो, "अवं, इकडं ये!", ती पास.

असं माणसांच्या मागे उभं राहण्याबद्दल पहारेकऱ्यांनी त्यांना पाकीटमार म्हणून धरलं होतं. ज्या साहेबांपुढे त्यांना उभं केलं त्या साहेबांनी कैफियत ऐकली, खुर्ची दिली, चहा मागवला आणि पुढे तेच त्यांचे मार्गदर्शक झाले. प्रबंध मात्र इंग्रजीत लिहावा लागला. "चिठ्ठी लोकायच्या भाषेत पाह्यजे, हे म्या लोकायले न कळणाऱ्या भाषेत सिद्ध केलं," असं ते स्वतःच सांगत आणि कान लाल होईपर्यंत हसत.

एरवी इंग्रजी ते फक्त कुलपाशी बोलत. संग्रहालयाचं कुलूप जुनं होतं, पावसाळ्यात अडायचं. तेव्हा डॉक्टर त्याच्याशी खालच्या आवाजात, दात आवळून इंग्रजीत बोलायचे. "मराठीत बोललो तर त्याले समजन ना," ते म्हणायचे. "उद्या उघडाचं आहे त्याले. कायले मन दुखवा?"

संग्रहालय म्हणजे बाजारपटांगणाच्या कडेची सरकी ठेवायची जुनी खोली. ग्रामपंचायतीने ती त्यांना वापरायला दिली होती. आत काय होतं? सुगरणीचं घरटं. सापाची कात. कडुलिंबाच्या बुंध्याची कापलेली जाड चकती. पाऊस मोजायचं भांडं. लोणारकडून आणलेले दगड. जुने शेर-पायली आणि शेजारी नवी किलोची वजनं, ज्यांच्यापुढे बायका बाजार विसरून भांडायच्या. आणि एका बंद पडलेल्या शाळेतून मिळवलेलं पितळी सूक्ष्मदर्शक. दारावर आधी 'विज्ञान वस्तुसंग्रहालय' अशी पाटी होती. नागपूरचं संग्रहालय पाहून आलेल्या कोणीतरी तिथल्यासारखं 'अजबबंगला' म्हटलं, आणि गावाने तेच धरलं. डॉक्टरांनी पाटीवर दाणा ठेवला आणि 'अजबबंगला' रंगवून घेतलं.

मला हे नाव मुळीच पसंत नव्हतं. विज्ञानात अजब काय असतं? मी तसं तोंडावर सांगितलं.

"घोषणासाहेब," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारत. "अजब आहे म्हणून तर माणूस आत येते. काही अजब नाही म्हटलं, तर वांगे घेऊन सरळ घरी जाईन."

आमची ओळख मी लिहिलेल्या एका पत्रकामुळे झाली. तेव्हा एक बाबा गावोगाव फिरून विंचवाचं विष उतरवणारे दगड विकत होता. मी पेटलो होतो. पत्रकाचा मथळा होता: 'अंधश्रद्धेच्या विषवल्लीचा समूळ उच्छेद करा!' गावात शिकलेला माणूस म्हणून ते मी आधी डॉक्टरांना दाखवायला नेलं. त्यांनी ते हातात घेतलंच नाही. विचारलं, "कोणाले सांगता?"

हा त्यांचा पेटंट प्रश्न. सरकारी सूचना असो, शाळेचं भाषण असो, कोणी रस्त्यात तावातावाने काही सांगत असो, डॉक्टर विचारणार: कोणाले सांगता?

"जनतेला!" मी म्हणालो.

"जनतेचं नाव काय? कुठी राह्यते?"

मी पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"तुमची माय जनतेत येते का?"

"येते की!"

"मंग चला."

आणि मला दंडाला धरून त्यांनी भर बाजारात मायच्या दुकानापुढे उभं केलं. दुकान म्हणजे गोणपाट, त्यावर वांगी, मिरच्या आणि सांबाराच्या जुड्या. (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. पुण्याच्या लोकांनी हसायचं तर हसावं.) माय मोठ्यांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. रोज थोडं वाचायची, सावकाश, प्रत्येक शब्दाचा हिशेब लागल्याशिवाय पुढे न जाता. डॉक्टरांनी तिच्या हातात पत्रक दिलं आणि तिच्या मागे जाऊन उभे राहिले. माय वाचू लागली. दाणे पडू लागले. विषवल्ली, दाणा. समूळ, दाणा. उच्छेद, दाणा. पत्रक संपलं तेव्हा कागद दिसेनासा झाला होता, एका वेळच्या डाळीला पुरेल एवढी तूर त्यावर होती.

"काय लिवलं बे हे?" माय माझ्याकडे बघून म्हणाली. "कोण मेलं?"

"कोणी मेलं नाही, माय! तो विंचवाचा दगड विकणारा बाबा आहे ना, त्याच्याविरुद्ध आहे!"

"त्याच्याविरुद्ध? मंग त्याचं नाव कुठी हाय याच्यात? अन् विंचवाचं?"

नव्हतं. खरोखर नव्हतं. एवढ्या मोठ्या पत्रकात विंचू नव्हता.

डॉक्टर गोणपाटापाशी उकिडवे बसले. "बाई, तुम्ही शेजारणीले कशा सांगसान?"

मायने मिरच्यांवर पाणी मारता मारता सांगितलं, "म्या म्हणीन, दगडानं इख उतरलं असतं तर इंचू दगडाखाली कायले राह्यला असता?"

तेच छापलं. एवढंच, आणि खाली 'विंचू चावला तर दवाखान्यात जा.' गावोगाव लोक ते वाचून हसले. माणसं हसायला लागली की बाबाचा धंदा चालत नाही. तो महिनाभरात तालुका सोडून गेला. माझ्या 'धिक्कार असो!'ने आजवर मोटारसुद्धा वेळेवर आणली नव्हती. तेव्हापासून मी डॉक्टरांचा झालो.

तूरच का, हे मी त्यांना विचारलं होतं. "हरभरा घरंगळते. ज्वारी दिसत नाही. तूर बसते." संशोधन पक्कं होतं. अडलेल्या शब्दाच्या जागी ते वाचणाऱ्याचाच शब्द चिठ्ठीवर घालायचे. दिवसभर पडलेले दाणे संध्याकाळी गोळा करून खिशात भरायचे आणि घरी जाऊन शिजवायचे. ज्या दिवशी लोक फार अडखळले त्या दिवशी वरण घट्ट, आणि ज्या दिवशी लोकांनी सगळं घडाघडा वाचलं त्या दिवशी पातळ. "आज पाणीच पेलो बाप्पा," ते आनंदाने सांगायचे. हा विनोद मी चार गावांत सांगितला आणि लोक हसले. तो माणूस ते वरण कोणाबरोबर खातो, हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही.

मग खोलीचं प्रकरण निघालं.

नवीन खतं येऊ लागली होती. खताची पोती ठेवायला कोरडी खोली हवी होती, आणि गावात कोरडी खोली एकच: अजबबंगला. मागणी खोटी नव्हती, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नाही. तेव्हा मी गावभर 'पोत्यांसाठी ज्ञानाचा बळी!' असं खडूने लिहीत हिंडलो. डॉक्टरांनी जिल्ह्याला अर्ज केला. उत्तर आलं की साहेब पाहायला येतील. संग्रहालय रीतसर ठरलं तर खोली राहील, वर काचेची कपाटंही मिळतील. रीतसर ठरायचं तर चिठ्ठ्या मान्य भाषेत हव्यात. मान्य भाषेतल्या छापील चिठ्ठ्या साहेब बरोबरच आणतील.

झालं! राज्य मराठीचं झालं आणि मराठी कोणाची हे ठरवायला साहेब येणार! मी मोर्चाची तयारी केली. काळी निशाणं शिवायला टाकली.

"निशाणं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "चिठ्ठ्या पाहू तरी कशा आहेत. बाजाराच्या दिवशी बोलावतो त्यायले. त्यायची अन् आपली, दोन्ही वाचून पाहू. जी जिंकन थे लागन."

"आणि खोली?"

"खोली जीव आहे माझा," ते म्हणाले. एवढंच. मग कुलपाला तेल घालत बसले.

साहेब आले. मला वाटलं होतं दांडगा माणूस असेल. निघाला चष्मा लावलेला, प्रवासाने पोट बिघडलेला, बोलायला मऊ असा तरुण. आल्या आल्या त्याने ताक मागितलं. मला शिव्या द्यायला जागाच ठेवली नाही त्याने. दाण्याची पद्धत ऐकून तो हसला आणि म्हणाला, "छान आहे की! करून बघू." फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचताना त्याचं नाक जरा वर गेलं. "हे 'पाह्याची', 'थे', 'राह्यते'... हे बोलायला ठीक. पण भिंतीवर?"

"भिंत कोणाची आहे?" मी गरजलो.

"घोषणासाहेब, ताक आणा अजून एक," डॉक्टर म्हणाले.

बाजार खोलीपुढे लोटला. पहिली चिठ्ठी पाऊस मोजायच्या भांड्याची. एका शेतकऱ्याने छापील चिठ्ठी हातात घेतली. "पर... पर्ज... पर्जन्..." दाणा. "पर्जन्यमा... काय हाय हो हे, देवाचं नाव हाय का?" डॉक्टरांची चिठ्ठी म्हणत होती, 'पावसाचं माप. तुमच्या वावरात काल किती पडला?' ती त्याने एका दमात वाचली आणि लगेच सांगायलाही लागला की त्याच्या वावरात कमी पडला, शेजाऱ्याच्या वावरात जास्त, आणि हे दरवर्षीचंच आहे. पास!

सापाच्या कातेच्या छापील चिठ्ठीत जे होतं ते मला आजही लिहिता येत नाही. तिच्यावर दाण्यांची रास झाली. बुंध्याच्या चकतीची चिठ्ठी साहेबांनी स्वतःच हौसेने वाचायला घेतली. "वृक्षकांडाच्या अनुप्र... अनुप्रस्थ..." आणि मागून तो उंच हात आला आणि साहेबांच्या शब्दावर दाणा ठेवून गेला. पटांगण फुटलं हसून. साहेबही हसले. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. मी मनात विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. खोली वाचली होती!

तेवढ्यात माय पुढे आली. हात पदराला पुसून तिने सूक्ष्मदर्शकापुढच्या दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याचं नाव होतं 'बारीक पाह्याची नळी.' छापील चिठ्ठीवर 'सूक्ष्मदर्शक.' मी निर्धास्त होतो. एवढं मोठं जोडाक्षर, माय तिथेच अडणार.

मायने वाचलं, "सूक्ष्मदर्शक." अडखळली नाही. परत वाचलं, जरा चाल लावून.

"कळलं का, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"काऊन नाही कळन? कीर्तनात ऐकत नाही का आम्ही? स्थूल देह, सूक्ष्म देह. डोळ्याले दिसत नाही थे सूक्ष्म. अन् थे दाखवते म्हणून दर्शक. चांगलं नाव हाय." मग डॉक्टरांची चिठ्ठी हलवत ती म्हणाली, "तुमची ही नळी काही बरी नाही, डाक्टरसाहेब. नळी म्हटलं का मले चुलीची फुंकणीच दिसते."

बायकांनी माना हलवल्या. "हाव माय, फुंकणीच."

मी मायकडे डोळे वटारले. तिने बघितलंही नाही. मी डॉक्टरांकडे बघितलं, तर त्यांचे कान लाल झाले होते. ते खूश होते! हरलेल्या माणसाने असं खूश व्हायचं असतं का? मी गर्दीतून सरकून त्यांच्या पायावर पाय दिला, जोरात.

"घोषणासाहेब, पाय काढा," ते मोठ्याने म्हणाले. मग खिशातून एक दाणा काढून त्यांनी स्वतःच्या चिठ्ठीवर ठेवला, ती चिठ्ठी उतरवली आणि छापील चिठ्ठीतलं नाव तिथे लावलं. "साहेब, तुमचा शब्द जिंकला. माझ्यापेक्षा चांगला आहे तो. मले कीर्तन सुचलंच नाही. इतके वर्ष बाजारात उभा राह्यलो, देवळात उभा राह्याले पाह्यजे होतं."

साहेब मनापासून त्यांच्याशी हात मिळवून गेले. पण साहेबांच्या वर साहेब असतात. काही दिवसांनी निकाल आला: मान्य चिठ्ठ्या अधिक चांगल्या असल्याचं संग्रहालयाच्या चालकांनी सर्वांसमक्ष स्वतः कबूल केलं आहे, सबब सर्व चिठ्ठ्या त्वरित बदलाव्यात, न बदलल्यास खोली मोकळी करावी.

"एक कबूल केली होती, एक!" मी ओरडलो. "त्यांनी सगळ्या केल्या! धिक्कार असो!"

"एक जिंकली, थे लावली," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्या हरल्या. हरलेल्या कशा लावू?"

"तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असता तर? एक दाणा खिशात राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे थोडं नवलाने बघितलं. "म्हणजे माझ्या चिठ्ठीसाठी वेगळी तूर ठेवू का?"

मी तडक घरी जाऊन मायशी भांडलो. तीही ऐकणारी नव्हे. "मले इचारलं, म्या सांगतलं. खोटं सांगाचं होतं तर आधी सांगाचं होतं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. थापताना मात्र नेहमीसारखी गुणगुणली नाही.

खताची पोती आली. अजबबंगला खोलीबाहेरच्या ओट्यावर आला. सुगरणीचं घरटं, दगड, बुंधा, वजनं, सगळं उन्हात. आत जागा नव्हती आणि डॉक्टरांच्या एका खोलीच्या घरात ते मावणारं नव्हतं. मी आमरण उपोषणाचा मजकूर तयार करून गेलो, तर डॉक्टर ओट्यावर बसून वस्तू वाटत होते.

"ज्याचा शब्द त्याची वस्तू," ते म्हणाले. "ही चिठ्ठी कोणामुळे सुधरली? त्याच्या घरी ठेवतो. चिठ्ठी लावून. माणसं पाहाले येतीन, त्यायले वाचून दाखवाचं. एवढंच भाडं."

आणि माणसं खरंच न्यायला आली! पावसाचं माप त्या शेतकऱ्याने नेलं, आता तो शेजाऱ्याशी पुराव्यानिशी भांडतो. शेर आणि किलो दळणाच्या चक्कीत गेले, तिथे भांडणाला गिऱ्हाईक भरपूर. लिंबाची चकती शिंप्याने नेली. तो तिच्यावर बसून मशीन चालवतो, पण कोणी आलं की उठून चिठ्ठी वाचून दाखवतो. सापाची कात कोणाचीच बायको घरात घेईना. ती अजून शाळेच्या मास्तरांच्या टेबलाच्या खणात आहे आणि टवाळ पोरांना खण उघडायला लावणं ही तिथली नवी शिक्षा आहे.

सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आलं. शब्द मायने जिंकवला ना! मायने देवांशेजारचा कोनाडा सारवला, यंत्र ठेवलं आणि त्याला कुंकू लावलं.

"माय! ते यंत्र आहे, देव नाही!"

"मंग? दसऱ्याले नांगराले नाही लावत का?"

डॉक्टर हसले. कुंकवाखाली काही लिहिलं नाही ना, एवढं वाकून बघितलं त्यांनी.

तेव्हापासून त्यांचा क्रम सुरू झाला. रोज संध्याकाळी एका घरी. वस्तू नीट आहे का, चिठ्ठी वाचली जाते का, हे बघायला. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी. यायचे, कोनाड्यापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "वाचा बरं, बाई." माय वाचायची: 'सूक्ष्मदर्शक. डोळ्याले दिसत नाही थे हे दाखवते. एक डोळा मिटा, दुसरा इथे ठेवा. पाण्याच्या थेंबात कोण राह्यते?' घडाघडा. एक दाणा पडायचा नाही. "झकास," ते म्हणायचे, कोट सारखा करायचे आणि निघायचे. चहालाही थांबायचे नाहीत. "काम झालं. विनाकारण कायले बसा?"

एकदा ते गेल्यावर माय दारात उभी राहून गल्लीकडे बघत होती. डॉक्टर कोपऱ्यापर्यंत गेले, घराकडे वळायचं ते वळले नाहीत. पटांगण ओलांडून जुन्या खोलीपाशी गेले. तिथे आता खताचं कुलूप होतं. त्याच्यासमोर ते थोडा वेळ उभे राहिले. काही बोलत असतील तर ऐकू आलं नाही. मग सावकाश घराकडे वळले.

"काऊन रे," माय म्हणाली, "त्याच्या घरी कोण असते?"

"कोणी नाही. लग्न केलं नाही त्यांनी. भाऊ मळ्यात राहतो."

"मंग हा वाचाले कोणाले सांगते घरी?"

मी पुस्तक उघडलं. माय चुलीकडे वळली.

पुढच्या खेपेला डॉक्टर आले, कोनाड्यापुढे उभे राहिले. "वाचा बरं, बाई." चुलीवर तवा तापत होता. मायने हात पदराला पुसले, चिठ्ठीकडे बघितलं आणि म्हणाली, "सू... सूक्... सूक्ष..."

मी पुस्तकातून मान वर केली. जो शब्द भर बाजारात तिने चाल लावून म्हटला, ज्या शब्दावर डॉक्टरांची खोली गेली, तिथे माय अडखळत होती!

डॉक्टर हलले नाहीत. त्यांनी मायकडे पाहिलं. माय चिठ्ठीकडेच बघत होती, कपाळाला आठ्या घालून, वर्गातल्या मठ्ठ पोरासारखी. लोकांचं अडखळणं ऐकून ज्या माणसाने डॉक्टरकी मिळवली, त्याला खरं अडखळणं आणि खोटं अडखळणं वेगळं ऐकू येत नसेल? त्यांचे ते मोठे कान हळूहळू लाल झाले. मग त्यांनी खिशात हात घातला, एक दाणा काढला आणि त्या शब्दावर ठेवायला हात पुढे केला. चिठ्ठी उभी टेकवलेली, दाणा तिच्यावर बसेना. तेव्हा त्यांनी तो कोनाड्यात, चिठ्ठीच्या पायाशी ठेवला.

"कठीण आहे शब्द," ते म्हणाले. "याचा विचार करा लागन."

"मंग बसा ना," माय म्हणाली. "उभ्यानं का विचार होते? भाकरी होतच हाय."

ते बसले. दोन भाकरी, वरण आणि ठेचा खाईपर्यंत त्या एका शब्दाचा विचार चालला. लिंबाच्या बुंध्याचाही झाला, मुंबईच्या पहारेकऱ्यांचाही झाला. जाताना म्हणाले, "पुढच्या खेपेस पाहू, अजून कुठी अडते का."

अडतं. दर खेपेला अडतं. सूक्ष्म झालं, दर्शक झालं, आता माय 'मिटा' या शब्दावरही अडखळते. मी आधी हसायचो, पण परवा शिंपी मला म्हणाला, त्याची बायको लिंबाच्या चकतीच्या चिठ्ठीवर 'झाड' या शब्दापाशी थांबते, आणि नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. चक्कीवालाही म्हणे 'शेर' वाचता वाचता घुटमळतो. सगळं गाव वाचायचं विसरत चाललं आहे, आणि ज्या मोहिमेचं एकही पत्रक मला लिहावं लागलं नाही अशी ही पहिलीच मोहीम.

हे सगळं लिहून झाल्यावर मी मायला वाचायला दिलं. 'सर्वांसमक्ष' या शब्दापाशी ती थांबली, आणि ते थांबणं खरं होतं. शब्द साहेबांचा असल्यामुळे मी तो तसाच ठेवला आहे. शेवटी 'धिक्कार असो!' नाही, हे तिला बरं वाटलं.

त्या पहिल्या संध्याकाळी आमच्याकडून निघताना डॉक्टर सवयीने कोनाड्यातला दाणा उचलून खिशात टाकायला लागले होते. मायने हात पुढे केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

आमच्या घरचं वरण हल्ली आठवड्यातून एकदा घट्ट असतं.